बालकांचे गृहशिक्षण : परिसरदर्शन आणि कुटुंबजीवन

१

‘गृहशिक्षण’ हा शब्द शिक्षणविषयक चर्चेत दोन भिन्न अर्थांनी वापरला जातो. मुलास शाळेत न घालता शाळेचाच पाठ्यक्रम घरी शिकविणे, हा त्याचा एक अर्थ. आणि घर, अंगण, गल्ली, बाजार, नदीकाठ यांतून घडणाऱ्या नित्याच्या अनुभवालाच शिक्षणाचे साधन बनविणे, हा दुसरा. पहिला अर्थ घेतला तर घर ही केवळ एक लहान शाळा ठरते. तेथे फळा येतो, वेळापत्रक येते, आणि गुरुजींच्या जागी आई बसते, एवढाच काय तो फरक. दुसरा अर्थ घेतला तर मात्र घर ही शाळेहून निराळ्या प्रकृतीची, स्वतःची अशी रीत असलेली शिक्षणसंस्था ठरते. प्रस्तुत लेखात तीन ते आठ या वयाच्या बालकांपुरता, आणि केवळ या दुसऱ्या अर्थाने, गृहशिक्षणाचा विचार करावयाचा आहे.

हा विचार आज करण्यास विशेष कारण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा काळ शिक्षणाचा एकच अखंड पायाभूत टप्पा मानला. तत्त्वतः ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु व्यवहारात तिचा एक विपरीत अर्थ लावला जाण्याचा संभव असतो. शिक्षण तिसऱ्या वर्षी सुरू होते, म्हणजे पाटी-पुस्तक तिसऱ्या वर्षी हाती द्यावयाचे, अशी पालकांची समजूत होते. आणि ज्या वयात मुलाने मुंग्यांची रांग कोठून कोठे जाते हे पाहावयाचे, त्या वयात ते अक्षरे गिरवीत बसते. याची प्रतिक्रिया म्हणून दुसरे टोक गाठणारेही पालक आहेत. मुलाला मोकळे सोडले, रानावनात नेले, की ते आपोआप शिकते, असे ते मानतात. या दोन्ही समजुती तपासून पाहणे अगत्याचे आहे. भ्रमणाने मूल शिकते हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. ते पुरे करण्यासाठी भ्रमणात नेमके काय घडते, आणि ते घडावयास कोणत्या गोष्टींची आवश्यकता असते, हे पाहिले पाहिजे.

२

कुटुंबजीवन हेच बालशिक्षणाचे मूळ क्षेत्र होय, ही कल्पना आधुनिक युरोपात प्रथम ठसठशीतपणे मांडली ती स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालॉत्सी (१७४६–१८२७) याने. १७८१ पासून क्रमाने प्रसिद्ध झालेल्या ‘लिओनार्ड आणि गर्ट्रूड’ या त्याच्या कादंबरीतील गर्ट्रूड ही एका गरीब गवंड्याची बायको आहे. तिच्या घरी शिक्षणाचे स्वतंत्र असे साहित्य नाही. मुले सूत कातीत असताना धागे मोजतात, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती पावले होतात ते मोजतात, आणि खिडकीच्या तावदानांच्या ओळींवरून पाचाचा व दहाचा संबंध समजून घेतात. कामात खंड पडत नाही, आणि अंकगणितही साधते. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, धागे आणि तावदाने ही मुलांच्या नजरेसमोर नित्य होतीच. त्यांचे अंकगणित झाले ते गर्ट्रूडने विचारलेल्या प्रश्नांमुळे.

या कल्पनेला शंभर वर्षांनंतर पद्धतीचे रूप दिले ते इंग्लंडमधील शार्लट मेसन (१८४२–१९२३) या विदुषीने. या बाई स्वतः शाळेत व अध्यापिकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात शिकवीत असत. ब्रॅडफर्ड येथे पालकांपुढे त्यांनी दिलेली व्याख्याने १८८६ मध्ये ‘गृहशिक्षण’ या अर्थाच्या शीर्षकाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी तेथे पालकांचा एक संघ स्थापन झाला. १८९० मध्ये त्याचे मासिक निघाले. १८९१ मध्ये घरी शिकणाऱ्या मुलांसाठी टपालाने पाठ्यक्रम पाठविण्याची योजना सुरू झाली. आणि १८९२ मध्ये सरोवरांच्या प्रदेशातील अँबलसाइड या गावी मुलांना घरी शिकविणाऱ्या स्त्रियांसाठी प्रशिक्षणालय उघडण्यात आले. ब्रिटिश साम्राज्यात दूरदूर राहणाऱ्या इंग्रज कुटुंबांतूनही हे टपाली पाठ्यक्रम वापरले जात असत.

मेसनबाईंच्या मते मुलाची पहिली सहा वर्षे ही शांतपणे वाढण्याची वर्षे होत. या काळात नियमित पाठ नकोत. हवामान बरे असेल त्या दिवशी, एप्रिल ते ऑक्टोबर या महिन्यांत, मुलांनी चार ते सहा तास घराबाहेर मोकळ्या हवेत घालवावेत, अशी त्यांची शिफारस होती. परंतु हे तास कसे घालवावयाचे याविषयी त्यांनी जे तपशील दिले आहेत, तेच पद्धतीच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहेत.

त्यांतील एक प्रकार असा. आई एका जागी बसते आणि मुलांना काही अंतरावरच्या टेकाडाकडे, ओढ्याकडे अथवा कुंपणाकडे पिटाळते. तेथे जे दिसेल ते नीट पाहून परत यावयाचे आणि आईला सांगावयाचे. कोण अधिक पाहतो आणि अधिक नेमके सांगतो, अशी ही चढाओढ असते. सांगताना जे राहून गेले ते पुन्हा जाऊन पाहून यावयाचे. दुसरा प्रकार समोरच्या देखाव्याचा एक तुकडा निरखून पाहण्याचा. मग डोळे मिटावयाचे आणि मनात उमटलेले चित्र शब्दांनी वर्णन करावयाचे. चित्र अंधुक असेल तर डोळे उघडून पुन्हा पाहावयाचे. याखेरीज एकच झाड वर्षभर पाहत राहणे, पहिले पान, पहिले फूल, पहिला पक्षी केव्हा दिसला याची नोंद ठेवणे, पावलांनी अंतर मोजणे, सूर्यावरून दिशा आणि सावलीवरून वेळ ओळखणे, असे अनेक अभ्यास त्यांनी सुचविले आहेत. भूगोलाचा आरंभ नकाशापासून न होता स्वतःच्या पावलापासून व्हावा, ही त्यांतील दृष्टी.

या सर्वांत आईचे काम कोणते? येथे मेसनबाईंचा कटाक्ष असा की, आईने फार बोलू नये. सतत माहिती पुरविणारी आई मुलाच्या आणि निसर्गाच्या मध्ये उभी राहते. तिने पाठवावे, ऐकावे, आणि मुलाला शब्दाची गरज भासेल त्या क्षणी तो शब्द द्यावा. भ्रमणाचे शिक्षणात रूपांतर करणारी क्रिया ‘पाहणे’ ही एकटी नसून ‘पाहून येऊन सांगणे’ ही आहे, हा या पद्धतीचा गाभा होय.

३

मेसनबाईंची ही मांडणी अनुभवावर आधारलेली होती. तिच्यामागे पद्धतशीर निरीक्षणांचा आधार नव्हता. घरगुती संभाषणाच्या शैक्षणिक मूल्याविषयी असा आधार पुढे जवळजवळ एका शतकाने मिळाला. बार्बारा टिझर्ड आणि मार्टिन ह्यूज या संशोधकांनी चार वर्षांच्या आतबाहेरच्या ३० मुलींचे घरातील आणि बालशाळेतील बोलणे ध्वनिमुद्रित करून अभ्यासले, आणि त्याचे निष्कर्ष १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. या मुलींपैकी निम्म्या कामगार कुटुंबांतील आणि निम्म्या मध्यमवर्गीय कुटुंबांतील होत्या. घरी आईला या मुली दर तासाला सरासरी २६ प्रश्न विचारीत. बालशाळेत शिक्षिकेला विचारलेल्या प्रश्नांची सरासरी तासाला २ एवढीच होती. घरातील संभाषणे अधिक लांब चालत, आणि त्यांत मुलीचा वाटा मोठा असे. हा फरक दोन्ही वर्गांतील मुलींच्या बाबतीत आढळला, ही विशेष महत्त्वाची गोष्ट होय.

हे का घडते याची कारणेही त्या अभ्यासातून स्पष्ट होतात. आई आणि मूल यांचा भूतकाळ आणि भविष्यकाळ एकच असतो. काल काय झाले, उद्या कोठे जावयाचे, हे दोघांनाही ठाऊक असल्याने मुलाच्या अर्धवट वाक्याचा अर्थ आईला लागतो. शिक्षिकेचे प्रश्न बहुधा उत्तर आधीच माहीत असलेले असतात. घरातील प्रश्न खरे असतात. त्या अभ्यासातील एक मुलगी, खिडक्या पुसावयास येणाऱ्या माणसाला पैसे का द्यावयाचे, या कोड्याशी झगडताना दिसते. काम, वेतन आणि देवघेव यांचा संबंध ती प्रश्नामागून प्रश्न विचारीत हळूहळू उलगडते. तिला कोणी अर्थशास्त्राचा पाठ दिलेला नव्हता. हा नमुना लहान होता, आणि त्यात मुलगे नव्हते, ही मर्यादा मान्य केली पाहिजे. तथापि घर हे बौद्धिकदृष्ट्या शाळेहून दरिद्री असते, या सरसकट गृहीतास त्याने मोठा धक्का दिला, यात संशय नाही.

आपल्याकडील एक कल्पित पण परिचित प्रसंग घेऊन हीच प्रक्रिया पाहता येईल. साडेचार वर्षांचा नातू आजोबांबरोबर मंडईत गेला आहे. आजोबा मेथीची एक जुडी, अर्धा किलो मटार आणि चार लिंबे घेतात. घरी परतताना नातू विचारतो, “आजोबा, मेथी का नाही हो तोलली?” आजोबा लगेच उत्तर देत नाहीत. “तूच सांग बरे, लिंबे तरी तोलली का?” असे ते विचारतात. “नाही, मोजली.” “आणि मटार मोजले असते तर?” नातू हसतो, इतके मटार मोजता मोजता रात्र होईल, हे त्याच्या ध्यानी येते. मग जुडी ही ना मोजलेली ना तोललेली. ती हाताच्या मुठीने ठरलेली, म्हणून एखादी मोठी आणि एखादी लहान, इथवर ते दोघे मिळून येऊन पोहोचतात. नग, वजन आणि अंदाज या मापनाच्या तीन रीती या संभाषणात आल्या आहेत. मंडईत हजारो मुले जातात. त्या सर्वांना हा पाठ मिळत नाही. तो मिळाला तो प्रश्न ऐकला गेला म्हणून, आणि उत्तर देण्याची घाई झाली नाही म्हणून.

रशियन मानसशास्त्रज्ञ विगोत्स्की याने १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘विचार आणि भाषा’ या ग्रंथात दैनंदिन संकल्पना आणि शास्त्रीय संकल्पना असा जो भेद केला आहे, तो येथे उपयोगी पडतो. दैनंदिन संकल्पना अनुभवातून उगवतात आणि वर चढतात. शास्त्रीय संकल्पना शब्दांच्या व्याख्यांतून सुरू होतात आणि अनुभवाकडे उतरतात. दोघींची गाठ पडली तरच ज्ञान पक्के होते. मंडईत ‘जुडी’ हाताळलेल्या मुलाला पुढे शाळेत ‘प्रमाणित एकक’ हा शब्द भेटला, तर त्या शब्दाला उतरावयास जागा असते. नाहीतर तो घोकावा लागतो.

४

परिसरदर्शनाइतकेच, किंबहुना काकणभर अधिकच, महत्त्व कुटुंबातील कामाला आहे. कारण भ्रमण हे नैमित्तिक असते, काम नित्य असते. बार्बारा रोगॉफ या अमेरिकन संशोधिकेने ग्वाटेमालातील माया समाजात दीर्घकाळ केलेल्या अभ्यासातून दाखविले की, तेथील मुले शिकविल्यामुळे शिकतात त्यापेक्षा मोठ्यांच्या कामात वावरून, निरखून आणि जमेल तेवढा हातभार लावून अधिक शिकतात. त्यासाठी मुलाला कामापासून दूर ठेवून त्याच्याकरिता वेगळे ‘खेळातील काम’ निर्माण केले जात नाही. मुलाचा हातभार छोटा असला तरी खरा असतो.

आपल्या घरांतून ही रीत अपरिचित नाही. शेंगा सोलणे, तांदूळ निवडणे, पानांवर मीठ वाढणे, कुकरच्या शिट्ट्या मोजणे, वाळत घातलेल्या कपड्यांतून जोड्या लावणे, ही सारी वर्गीकरणाची, क्रमाची आणि एकास-एक संगतीची कामे आहेत. पाचाच्या ठिपक्यांची रांगोळी काढणारी मुलगी ओळी आणि स्तंभ यांचा विचार करीत असते. मात्र दोन पथ्ये पाळली पाहिजेत. काम खरे असले पाहिजे. निवडलेले तांदूळ पुन्हा खड्यांत मिसळून मुलाला दिले तर ते त्याच्या ध्यानात येते आणि त्याचा मान जातो. आणि प्रत्येक कामाला पाठाचे रूप देऊ नये; वाढताना ‘किती पाने झाली?’ हे एकदा विचारणे ठीक, पण प्रत्येक वाटीगणिक परीक्षा घेतली तर मूल स्वयंपाकघरातून पळ काढते.

मेसनबाईंच्या सूचना आपल्याकडे जशाच्या तशा घेता येणार नाहीत, हेही सांगितले पाहिजे. इंग्लंडातील एप्रिल हा बाहेर पडण्याचा महिना. आपल्या वैशाखात दुपारी मुलाला बाहेर काढणे हा शिक्षणाचा मार्ग नव्हे. आपल्याकडे भ्रमणाची वेळ सकाळची, आणि खरा ऋतु पावसाची पहिली सर पडल्यापासूनचा. नोंदवहीत पहिला कोकीळ, फाल्गुनातील पळस, उन्हाळ्यातील बहावा, मृगाच्या सुमाराचे काजवे, श्रावणातील टाकळा यांच्या तिथी येतील. एकच वड, एकच डबके किंवा गल्लीतील एकच कोपरा वर्षभर पाहणे, हे महिन्याकाठी नवे स्थळ पाहण्यापेक्षा अधिक फलदायी ठरते. कारण बदल ओळखावयास आधीची ओळख असावी लागते.

५

आता या विचारावरील आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, अशा शिक्षणाने वाचन-लेखन येत नाही. हा आक्षेप बरोबर आहे. लिपी ही मनुष्यकृत संकेतांची व्यवस्था आहे. ती झाडे पाहून उमगत नाही, ती क्रमाने शिकवावी लागते. मेसनबाईंनीही सहाव्या वर्षानंतर लहान लहान परंतु नियमित पाठांची योजना केली होती. परिसरशिक्षण वाचनाची जागा घेत नाही. वाचलेल्या शब्दाला अर्थ यावा एवढी सामग्री ते पुरविते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घराच्या भोवतालचा परिसर हा बहुधा आपल्यासारख्यांचाच परिसर असतो. आपल्या समाजात वस्त्या अजूनही जातीने आणि मिळकतीने विभागलेल्या असल्याने, केवळ घरात आणि घराभोवती वाढलेल्या मुलाचे जग अरुंद राहण्याचा धोका आहे. शाळेच्या बाकावर निराळ्या घरचे मूल शेजारी बसते, हा सामाजिक शिक्षणाचा लाभ घर देऊ शकत नाही. कुंभाराचे आवे, लोहाराचा भाता, शिंप्याचे यंत्र पाहावयास मुलांना जरूर न्यावे. पण ती माणसे प्रेक्षणीय वस्तू नव्हेत. त्यांच्याशी ओळख व्हावी, त्यांच्या कामाला अडथळा न करता प्रश्न विचारावेत, हा संस्कारही भ्रमणाचाच भाग होय.

तिसरा आक्षेप सर्वांत मूलगामी आहे. मुलाचा प्रश्न ऐकावयास आणि उत्तराची घाई न करण्यास प्रौढाजवळ फुरसद लागते. मेसनबाईंच्या पद्धतीचे आरंभीचे अनुयायी हे बव्हंशी नोकरचाकर बाळगणारे सुस्थित वर्ग होते. आजही ‘आई घरी शिकवील’ असे म्हणताना आपण एका स्त्रीच्या दिवसाचा, आणि पुष्कळदा तिच्या अर्थार्जनाचा, हिशोब न करताच तो खर्ची घालतो. ज्या घरी आई पहाटे मजुरीला जाते, तेथे ही पद्धती कोणी चालवावयाची?

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम करीत होत्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, आणि पुढे अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांच्या साहाय्याने हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीत, नेले. तेथे असा अनुभव आला की, मुले बालवाडीत येत नाहीत. कारण कोणी धाकट्या भावंडांना सांभाळीत असते, तर कोणी गुरे चारावयास गेलेले असते. तेव्हा शिक्षिकाच पाड्यावर जाऊ लागल्या आणि घरासमोरच्या अंगणात वर्ग भरू लागला, हीच अंगणवाडी. गुराखी मुलांसाठी त्या कुरणात गेल्या, हीच कुरणशाळा. माँटेसरी पद्धतीतील महागड्या साधनांच्या जागी बिया, पाने, शंख-शिंपले, खडे आले. पुढे १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा ‘अंगणवाडी’ हे नाव सर्व देशभर गेले.

अँबलसाइड आणि कोसबाड यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक आहे. दोन्हीकडे परिसर हेच साधन आहे. परंतु मेसनबाईंनी घरातील मोकळ्या माणसाला पद्धती शिकविली, तर ताराबाई आणि अनुताई यांनी जेथे मोकळे माणूस नव्हते तेथे ते माणूस नेऊन बसविले. गुरे राखणारे मूल निसर्गाच्या सान्निध्यात दिवसाचे आठ-दहा तास असते. भ्रमण हेच शिक्षण असते तर त्याला कुरणशाळेची गरजच पडली नसती. त्याच्याजवळ अनुभव विपुल होता. वाण होती ती, तो अनुभव ज्याला सांगावा अशा माणसाची.

६

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. परिसर आणि कुटुंबजीवन ही बालशिक्षणाची समर्थ साधने आहेत. परंतु ती आपोआप काम करीत नाहीत. त्यांना शिक्षणाचे रूप येते ते ऐकणाऱ्या प्रौढाच्या योगाने. तो प्रौढ आईच असला पाहिजे असे नाही. आजी, आजोबा, वडील, मोठे भावंड, अथवा अंगणवाडीची ताई, कोणीही चालेल. पण तो असला पाहिजे, आणि त्याच्याजवळ त्या वेळेपुरती तरी घाई नसली पाहिजे.

कायद्याच्या दृष्टीने पाहता, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातील सक्ती सहा ते चौदा या वयोगटापुरती आहे. पालकांनी मुलास नजीकच्या शाळेत घालावे असे कर्तव्य त्यात सांगितले आहे. इंग्लंडमध्ये १९४४ च्या कायद्याने पालकांना शाळेखेरीज अन्य मार्गानेही शिक्षण देण्याची मोकळीक स्पष्ट शब्दांत ठेवली होती. आपल्याकडील सहा वर्षांवरील गृहशिक्षणाचा प्रश्न त्यामुळे वेगळ्या चर्चेचा विषय ठरतो. सहा वर्षांच्या आतील बालकांच्या बाबतीत मात्र घर आणि बालवाडी यांपैकी एकाचीच निवड करण्याचे कारण नाही. बालवाडीतून परतलेल्या मुलाचा उरलेला दिवस घराच्याच स्वाधीन असतो, आणि तोच मोठा असतो.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या क्षेत्रात काम करण्यास पुष्कळ वाव आहे. मराठी घरांतील चार-पाच वर्षांच्या मुलांचे प्रश्न पालकांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करावेत. ते कोणत्या प्रसंगी, कोणाला आणि किती विचारले जातात, आणि त्यांतील किती प्रश्नांना उत्तर म्हणून पुढचा प्रश्न मिळतो, हे मोजावे. शहरातील सदनिका, खेड्यातील वाडा आणि ऊसतोड कामगारांची कोपी या तिन्ही ठिकाणी हे काम झाले, तर आपल्या बालकांना काय दिसते याबरोबरच, त्यांचे ऐकावयास कोण आहे, हेही आपणास कळू शकेल. बालशिक्षणाच्या कोणत्याही योजनेस हा दुसरा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही.